डेस्कटॉपसाठी यूएसबी हब निवडताना: पोर्ट मोजण्याआधी वीज मोजा

डेस्कटॉपचे पोर्ट संपले की बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन हब शोधायला लागतात: किती पोर्टांचा घेऊ? चार, सात की दहा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी ठरवायचं ते हे, की त्या पोर्टांना आपण काय काय लावणार आहोत आणि त्या सगळ्यांना पुरेल एवढी वीज कुठून येणार आहे. हब घेतल्यानंतरच्या नेहमीच्या तक्रारी बघा. हार्ड डिस्क मधेच गायब होते, वेबकॅम सुरूच होत नाही, पेनड्राइव्ह लावला की माउस अडकायला लागतो. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ अपुऱ्या विजेत असतं. आणि वीज कमी पडली की हबचं काहीच बिघडत नाही, फटका बसतो तो तुमच्या फायलींना. म्हणून विजेचा भाग सावकाश वाचा. बाकीचं भरभर वाचलंत तरी चालेल.

हब नेमकं करतो काय

हबची एक केबल कॉम्प्युटरच्या एका पोर्टला लागते आणि दुसऱ्या बाजूला चार-सात पोर्ट मिळतात. कॉम्प्युटरच्या त्या एका पोर्टची कुवत मात्र होती तेवढीच राहते. पाइपाला चार तोट्या बसवल्या म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही, तसंच हे. हबवर दोन गोष्टी वाटल्या जातात: डेटाचा वेग आणि वीज. वेगाची वाटणी टाळता येत नाही. विजेची टाळता येते, कारण हबला स्वतःचा अडॅप्टर असू शकतो.

नियमाप्रमाणे एका यूएसबी कंट्रोलरवर (कॉम्प्युटरमधली, यूएसबी पोर्ट सांभाळणारी चिप) हब धरून १२७ उपकरणं चालतात आणि एका हबला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे ओळीने पाच हब लावता येतात. प्रत्यक्षात हबला हब लावायची वेळ येऊच देऊ नका. मधे जितके जोड जास्त, तितकी बिघाड शोधताना डोकेदुखी जास्त. दोन लहान हबांपेक्षा एक मोठा हब केव्हाही बरा.

पहिली पायरी: कागद घ्या आणि यादी करा

आत्ता कॉम्प्युटरला जे लागलेलं आहे आणि येत्या वर्षभरात जे लागेल ते सगळं लिहून काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे का, तो वेगाने डेटा पाठवतो का, आणि तो इतरांबरोबर एकाच वेळी चालतो का.

तिसरा मुद्दा लोक हमखास विसरतात. स्कॅनर आणि प्रिंटर दोन्ही यादीत असतील, पण दोन्ही एकदम क्वचितच चालतात. उलट वेबकॅम, माइक आणि हेडफोन हे त्रिकूट ऑनलाइन मीटिंगला बसलात की एकाच वेळी काम करतं. हबवर ताण पडतो तो एका वेळी चालणाऱ्या गोष्टींचा. यादी नुसती लांब असण्याने फारसं बिघडत नाही.

विजेची भूक साधारण अशी असते. साधा वायरवाला माउस किंवा कीबोर्ड १०० मिलिअँपिअरच्या आत भागतो. रंगीत दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड त्याच्या कितीतरी पट घेतो. वेबकॅम साधारण २०० ते ५०० च्या दरम्यान. पेनड्राइव्ह लहान दिसतो, पण लिहिताना २००-३०० मिलिअँपिअर सहज खेचतो. पॉकेट साइजची अडीच इंची हार्ड डिस्क चालू असताना ५०० च्या आसपास घेते, मात्र तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ९०० च्याही वर उडी मारते. साडेतीन इंची मोठ्या हार्ड डिस्कला आणि प्रिंटरला स्वतःचा अडॅप्टर असतो, त्यामुळे विजेच्या हिशेबात त्यांना जवळपास शून्य धरा. नेमका आकडा हवा असेल तर उपकरणाच्या पोटाखाली किंवा पाठीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. पाच व्होल्टच्या पुढे जो अँपिअरचा आकडा दिसेल, तो आपल्या कामाचा.

दुसरी पायरी: विजेचा हिशेब

यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॅट. नियमात एवढ्याचीच हमी आहे. काही मदरबोर्ड जास्त सोडतात, पण त्यावर भिस्त ठेवून खरेदी करू नये.

आता अडॅप्टर नसलेला हब घ्या. यूएसबी २.० च्या अशा हबला कॉम्प्युटरकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात. त्यातले १०० तो स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेल्या ४०० मधून चार पोर्टांना प्रत्येकी १०० देऊ शकतो. अडॅप्टर नसलेले इतके हब चारच पोर्टांचे का असतात, याचं उत्तर या साध्या भागाकारात आहे. यूएसबी ३ च्या हबमध्ये हाच हिशेब प्रत्येक पोर्टला १५० मिलिअँपिअर असा येतो. म्हणजे नियमानुसार अडॅप्टरशिवायच्या हबला माउस, कीबोर्ड, वायरलेस डोंगल (वायरलेस माउस-कीबोर्डचा सिग्नल पकडणारा छोटा तुकडा), कार्ड रीडर एवढंच लावायचं.

प्रत्यक्षात स्वस्तातले हब अशी मोजून-मापून वाटणी करतच नाहीत. आलेली सगळी वीज सगळ्या पोर्टांना जोडलेली असते, ज्याला जेवढी खेचता येईल तेवढी तो खेचतो. त्यामुळे अशा हबला एकटी हार्ड डिस्क लावली तर ती चालतेही. मग आपला समज होतो की हब उत्तम आहे. पुढे कधीतरी हार्ड डिस्कवर फोटोंची कॉपी सुरू असताना शेजारच्या पोर्टला कोणी फोन चार्जिंगला लावतो. व्होल्टेज खाली येतं, डिस्कची तबकडी मंदावते, बारीक ‘टिक् टिक्’ असा आवाज येतो आणि पडद्यावरून ड्राइव्ह नाहीसा होतो. अर्धवट लिहिलेली फाइल तर जातेच, कधी पूर्ण ड्राइव्ह फॉरमॅट करायचा संदेश समोर येतो. हार्ड डिस्कचा हा टिकटिक आवाज हबला लावल्यावरच येत असेल आणि थेट कॉम्प्युटरला लावल्यावर थांबत असेल, तर डिस्क खराब झाली असं मानायची घाई करू नका. आधी वीज तपासा.

डेस्कटॉपसाठी माझी शिफारस अगदी स्पष्ट आहे: स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. लॅपटॉपवाल्याला हब पिशवीत टाकून फिरायचं असतं, त्याला अडॅप्टर नको वाटणं समजू शकतो. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मागे पॉवर स्ट्रिप असतेच. तिथे अडॅप्टर टाळून मिळतं काय? फक्त एक वायर कमी.

अडॅप्टर आहे एवढ्यावरही थांबू नका. त्याच्यावरचं लेबल वाचा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. समजा सात पोर्टांच्या हबबरोबर ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आलाय. म्हणजे सगळे मिळून १० वॅट. सातही पोर्टांना ९०० मिलिअँपिअर द्यायचे तर ६.३ अँपिअर लागतात, म्हणजे साडेएकतीस वॅट. हा अडॅप्टर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही जेमतेम पुरेल. तुमच्या यादीत माउस-कीबोर्डच जास्त असतील तर १० वॅटही पुरतात, पण दोन पॉकेट हार्ड डिस्क आणि एक वेबकॅम असेल तर कमी पडतील. १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर ३६ वॅट झाले. १२ चे ५ व्होल्ट करताना थोडी वीज उष्णतेत जाते, तरी सात पोर्टांना ती पुरते.

हिशेब असा करा: यादीतल्या एकाच वेळी चालणाऱ्या सगळ्या उपकरणांचे मिलिअँपिअर जोडा, त्यात हबच्या स्वतःच्या वापराचे दोनेकशे टाका आणि वर एक तृतीयांश मोकळीक ठेवा. उदाहरणार्थ, कीबोर्ड १००, माउस १००, वेबकॅम ४००, पेनड्राइव्ह ३००, पॉकेट हार्ड डिस्क ९००. बेरीज १८००, हबचे २०० धरून २०००, मोकळीक धरून सुमारे २७००. म्हणजे ५ व्होल्टला किमान ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा. ज्या हबच्या माहितीत अडॅप्टरचे आकडेच दिलेले नाहीत, तो मी यादीतून सरळ काढून टाकतो.

अडॅप्टर हरवला किंवा बिघडला तर तसाच दुसरा घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचा आकार व ध्रुव सारखे. ध्रुवांचं छोटं चित्र लेबलवर असतं, मधला ठिपका धन की ऋण ते त्यात दाखवलेलं असतं. ५ व्होल्टच्या हबला १२ व्होल्टचा अडॅप्टर चुकून लावला, तर हबबरोबर त्याला लागलेली उपकरणंही जळू शकतात. टेबलामागे चार-पाच एकसारखे काळे अडॅप्टर असतील तर हबच्या अडॅप्टरवर कागदाची पट्टी चिकटवून ‘हब’ असं लिहून ठेवा.

तिसरी पायरी: वेग आणि नावांचा गोंधळ

यूएसबी २.० आलं २०००मध्ये, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. यूएसबी ३.० आलं २००८मध्ये, वेग ५ गिगाबिट. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढे ५ गिगाबिटच्या त्याच वेगाला आधी ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ अशी नवी नावं मिळाली. १० गिगाबिटला ३.१ जेन २ आणि ३.२ जेन २. त्यामुळे ‘यूएसबी ३.२’ एवढंच छापलेल्या खोक्यातून वेग कळतच नाही, तो ५ असू शकतो, १० असू शकतो. २०२२पासून यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम, म्हणजे हे नियम ठरवणारी संस्था, खोक्यावर सरळ ‘५ गिगाबिट’, ‘१० गिगाबिट’ असं लिहायला सांगते. तुम्हीही तेवढंच बघा. आवृत्तीचा आकडा सोडून द्या, गिगाबिटचा आकडा शोधा.

आता किती वेग हवा? प्रत्यक्षात यूएसबी २.० वर सेकंदाला ३५-४० मेगाबाइट (एक बाइट म्हणजे आठ बिट) मिळतात, ५ गिगाबिटवर चारशेच्या आसपास आणि १० गिगाबिटवर हजाराच्या जवळ. फिरत्या तबकडीची पॉकेट हार्ड डिस्क स्वतःच सेकंदाला शे-सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे फारशी जात नाही, तिला ५ गिगाबिटचा हब भरपूर झाला. बाहेरून लावायची वेगवान एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क असेल आणि रोज मोठ्या व्हिडिओ फायलींची ने-आण असेल तरच १० गिगाबिटचा विचार करा. त्यासाठी कॉम्प्युटरचा पोर्टही १० गिगाबिटचा हवा, नाहीतर जास्तीचे पैसे वाया.

एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. यूएसबी ३ च्या हबमध्ये खरं तर दोन हब शेजारी शेजारी असतात, एक यूएसबी २.० चा आणि एक ३ चा. केबलमध्येही दोघांच्या तारा वेगळ्या. माउस, कीबोर्ड, जुना वेबकॅम, प्रिंटर ही २.० ची उपकरणं २.० च्या वाटेने जातात, एसएसडी ३ च्या वाटेने. याचा फायदा असा की माउस-कीबोर्ड लावल्याने एसएसडीचा वेग कमी होत नाही. तोटा असा की २.० ची सगळी उपकरणं मिळून त्याच ४८० मेगाबिटमध्ये भागवतात, हब कितीही भारी असला तरी. दोन जुने वेबकॅम एका हबला लावले की दुसरा ‘बँडविड्थ अपुरी’ म्हणून सुरूच होत नाही, त्याचं हे कारण. वेबकॅम आपल्यासाठी ठरावीक जागा आधीच राखून ठेवतो आणि दुसऱ्यासाठी पुरेशी उरत नाही. उपाय सोपा आहे: दुसरा वेबकॅम थेट कॉम्प्युटरला लावा, जमल्यास वेगळ्या कंट्रोलरवरच्या पोर्टला.

चौथी पायरी: हब कॉम्प्युटरच्या कुठल्या पोर्टला लावायचा

कॅबिनेटच्या मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर बसवलेले असतात. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती केबल कधी निकृष्ट असते, कधी नीट बसलेली नसते. हब एकदा लावला की महिनोन्‌महिने काढायचा नसतो, तेव्हा तो मागेच लावा. पुढचे पोर्ट पेनड्राइव्हसाठी मोकळे ठेवा.

मागचा कुठला? निळ्या प्लास्टिकचा पोर्ट बहुधा ५ गिगाबिटचा असतो, काळा किंवा पांढरा २.० चा. लाल किंवा हिरवट-निळा बऱ्याच मदरबोर्डांवर १० गिगाबिटचा असतो. पण रंगाचा नियम सगळे पाळतातच असं नाही. पोर्टशेजारी इंग्रजी ‘एसएस’ ही अक्षरं दिसली तर तो ३ चा. खात्री हवी असेल तर मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत मागच्या पट्टीचं चित्र असतं, त्यात प्रत्येक पोर्टचा वेग लिहिलेला असतो. यूएसबी ३ चा हब काळ्या पोर्टला लावला तरी चालतो, फक्त २.० च्या वेगाने. त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही.

टाइप-सी चा पोर्ट मागे असेल आणि हबची केबल तशी असेल तर तो चांगला पर्याय आहे. टाइप-सी पोर्ट ५ व्होल्टवर दीड किंवा ३ अँपिअरही देऊ शकतात, मात्र तुमचा पोर्ट किती देतो ते पुस्तिकेतच बघा.

पाचवी पायरी: काय हबला लावायचं नाही

हब कितीही चांगला असला तरी काही गोष्टी थेट कॉम्प्युटरलाच ठेवा. पहिला कीबोर्ड. कॉम्प्युटर बिघडल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये शिरायची वेळ येते, तेव्हा कीबोर्ड मधल्या कशावरही अवलंबून नसलेला बरा. दुसरी यूपीएसची डेटा केबल, कारण वीज गेल्यावर कॉम्प्युटर वेळेत बंद करण्याचं काम तिच्याकडे असतं आणि त्याच क्षणी हबचा अडॅप्टर यूपीएसवर नसेल तर हबच बंद पडलेला असतो. तिसरं, गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठीचा ऑडिओ इंटरफेस. त्यात मधेच ‘टप्’ असा आवाज येणं किंवा अर्धा क्षण तुटणं परवडत नाही.

आणि बॅकअपची डिस्क. हिच्याबद्दल मी आग्रही आहे. ज्या डिस्कवर तुमचा सगळा बॅकअप आहे, ती शक्यतो मागच्या पोर्टला थेट लावा. फारच गरज पडली तर अडॅप्टरवाल्या हबला लावा, आणि त्यावेळी हबवर बाकी काही जड चालू ठेवू नका. काढताना ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय काढू नका. हबवरचं पॉवर बटण दाबून डिस्क बंद करणं म्हणजे चालू असताना वायर उपटण्यासारखंच.

फोन चार्ज करायचा असेल तर हबचा एखादा ‘फक्त चार्जिंग’चा पोर्ट उपयोगी पडतो. तसा पोर्ट बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचा किंवा विजेच्या चिन्हाचा असतो. अशा काही पोर्टांतून डेटा जातच नाही, म्हणून सात पोर्टांचा हब म्हणून घेतलेला हब कधी सहाचाच निघतो. खोक्यावर ‘सहा अधिक एक’ असं लिहिलेलं असेल तर अर्थ तोच.

सहावी पायरी: वायरलेस डोंगल

हबला यूएसबी ३ ची डिस्क लावली आणि वायरलेस माउस अडखळायला लागला, अशी तक्रार आली की लोक माउसची बॅटरी बदलत बसतात. दोष बॅटरीचा नसतो. यूएसबी ३ च्या तारांमधून डेटा जाताना जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि बरेच वायरलेस माउस, कीबोर्ड, ब्लूटूथ व जुनं वायफाय त्याच पट्ट्यात काम करतात. इंटेलने २०१२मध्येच याचं सविस्तर मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. उपाय: डोंगल साध्या यूएसबी २.० च्या एक्स्टेंशन केबलला लावून हबपासून फूट-दोन फूट लांब, टेबलावर माउसच्या जवळ ठेवा. वायर जाड आणि चांगल्या कवचाची असेल तर गोंगाट आणखी कमी होतो.

केबलच्या लांबीबद्दलही इथेच सांगतो. यूएसबी २.० ला पाच मीटरपर्यंत चालतं, ३ ला साधारण दोन-तीन मीटरच्या पुढे जाऊ नये. हबची केबल हबमध्येच पक्की केलेली असेल तर ती तुटली की हब गेला. वेगळी निघणारी केबल असलेला हब घ्या. यूएसबी ३ च्या हबला मागे चौकोनी, डोक्यावर आणखी एक छोटा टप्पा असलेलं टाइप-बी सॉकेट असतं, किंवा हल्ली टाइप-सी. दोन्ही चांगली. चपटं, रुंद मायक्रो-बी सॉकेट मला नको वाटतं, वायर ओढली गेली की ते लवकर सैल होतं.

लॅपटॉपसाठीचे हब डेस्कटॉपला चालतात का

टाइप-सी वायरचे, एचडीएमआय, लॅन आणि कार्ड रीडर असलेले छोटे हब दिसायला आकर्षक असतात. डेस्कटॉपला लावले तर त्यांचे यूएसबी पोर्ट आणि लॅन बहुधा चालतात, एचडीएमआय मात्र बरेचदा काळाच राहतो. त्या एचडीएमआयला कॉम्प्युटरच्या टाइप-सी पोर्टमधून चित्राचा सिग्नल यावा लागतो, आणि डेस्कटॉपच्या अनेक टाइप-सी पोर्टांमध्ये तो नसतोच. त्यात मधे टाइप-ए चं कन्व्हर्टर लावलं तर चित्र येण्याचा प्रश्नच नाही. मॉनिटर ग्राफिक्स कार्डलाच लावा, हबकडून हबचंच काम घ्या.

सातवी पायरी: हातात घेऊन काय बघायचं

पोर्टांमधलं अंतर बघा. जाड पेनड्राइव्ह लावल्यावर शेजारचा पोर्ट झाकला जात असेल तर सातचे चारच उरतात. प्रत्येक पोर्टला वेगळं बटण असेल तर चांगलं, प्रिंटर किंवा स्कॅनर वायर न काढता बंद करता येतो. वजनदार धातूचा हब वायरींच्या ओढीने टेबलावरून सरकत नाही आणि उष्णताही बाहेर टाकतो. चार-पाच उपकरणं चालू असताना हब कोमट लागणं ठीक आहे, हात ठेवता येऊ नये इतका तापणं ठीक नाही.

आत कुठली चिप आहे हे काही उत्पादक जाहीर करतात. व्हीआयए लॅब्ज, जेनेसिस लॉजिक, रिअलटेक ही या चिपांमधली परिचित नावं. चिप चांगली असली तरी बाकीची जोडणी वाईट असू शकते, पण उत्पादक चिपचं नाव उघड सांगतो याचा मी चांगला अर्थ घेतो. यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमचं प्रमाणपत्र असेल तर उत्तमच.

आणि आता पोर्टांची संख्या. यादीतली जी उपकरणं हबवर जाणार ती मोजा आणि त्यात दोन मिळवा. बस्स.

आठवी पायरी: आणल्यावर तपासणी

खोकं आणि पावती फेकू नका. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करून बघा.

सगळ्यात महत्त्वाची उलट्या विजेची तपासणी. हबच्या अडॅप्टरची वीज हबमधून उलटी कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये जाता कामा नये, तसा नियमच आहे. काही स्वस्त हब तो पाळत नाहीत आणि त्याने मदरबोर्डला इजा होऊ शकते. कॉम्प्युटर शटडाउन करा. मग कॅबिनेटच्या मागचं पॉवर सप्लायचं बटण बंद करून मुख्य वायरही काढा. हे दोन्ही करणं जरुरी आहे, कारण नुसतं शटडाउन केल्यावर बरेच मदरबोर्ड यूएसबीला वीज देत राहतात आणि कीबोर्डचा दिवा तसाच जळतो. वायर काढल्यावर मिनिटभर थांबा, साठलेली वीज संपू द्या. आता हबचा अडॅप्टर चालू करा. थेट कॉम्प्युटरला लावलेल्या माउसचा किंवा कीबोर्डचा दिवा लागला, मदरबोर्डवरचा बारीक दिवा मिणमिणला किंवा पंखा हलल्यासारखा वाटला, तर वीज हबमधूनच येतेय. हब परत करा, वापरू नका.

दुसरी तपासणी वेगाची. दोन-तीन गिगाबाइटची एकच मोठी फाइल यूएसबी ३ च्या डिस्कवर आधी थेट पोर्टमधून कॉपी करा, मग हबमधून. फरक थोडासा असेल तर ठीक. हबमधून वेग ४० मेगाबाइटच्या आतच अडकला असेल, तर हब २.० वर चालतोय: चुकीचा पोर्ट, जुनी केबल किंवा अर्धवट बसलेला प्लग. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलरच्या यादीत बघा. हब लावल्यावर एक साधा यूएसबी हब आणि एक ‘सुपरस्पीड’ हब, अशा दोन नोंदी वाढल्या पाहिजेत. मोठ्या हबमध्ये आत दोन-दोन चिपा असतात, तेव्हा चार नोंदी दिसल्या तरी दचकू नका. फक्त साधी नोंद आली आणि सुपरस्पीड नाहीच, तर ३ ची वाट जोडलीच गेलेली नाही.

तिसरी तपासणी भाराची. यादीत जे एकाच वेळी चालणार म्हणून लिहिलं होतं, ते सगळं खरंच एकाच वेळी चालवा. मीटिंगसारखा वेबकॅम सुरू, माइक सुरू, डिस्कवर कॉपी सुरू, आणि अर्धा तास तसंच राहू द्या. काही तुटलं तर एकेक उपकरण काढत जा, दोषी सापडतो.

सगळं नीट चाललं आणि तरी काही वेळ कॉम्प्युटर न वापरल्यावर हबवरची उपकरणं झोपी जाऊन उठत नसतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हबच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. डेस्कटॉपवर त्या बचतीला तसाही फारसा अर्थ नाही.

हबऐवजी कार्ड कधी

यादीत दोन-तीन वेगवान डिस्क असतील आणि त्या एकाच वेळी चालणार असतील, तर हबच्या एका पोर्टमध्ये त्या एकमेकींचा वेग खातात. डेस्कटॉपला इथे लॅपटॉपपेक्षा एक मोठी सोय आहे: कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या मोकळ्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये यूएसबीचं कार्ड बसवता येतं. कार्डाला स्वतःचा कंट्रोलर असतो, त्यामुळे त्याचे पोर्ट मदरबोर्डच्या पोर्टांशी वाटणी करत नाहीत. बऱ्याच कार्डांवर साटा किंवा चार पिनांचं विजेचं कनेक्टर असतं. कार्ड बसवताना पॉवर सप्लायची मोकळी वायर त्याला आठवणीने लावा. ती राहिली तर कार्ड ओळखलं जातं, माउस चालतो, आणि हार्ड डिस्क लावली की पुन्हा तीच टिकटिक सुरू होते.